हाल्वर स्टोर्लीच्या मेंढीचं रक्त

हाल्वर स्टोर्ली मेंढ्या पाळायचा त्या लोकरीसाठी आणि मटणासाठी. त्यांतली एक मात्र तो रक्तासाठी राखून होता. नॉर्डडालच्या इस्पितळाला दर आठवड्याला ताजं मेंढीचं रक्त लागे आणि ते हाल्वर पोचवी. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण जेवणाच्या टेबलावर त्याचा विषय कुणी काढत नसे.

याची सुरुवात केली ती मिस ओस्ट्रँडरने. ती इस्पितळाच्या प्रयोगशाळेची प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तिच्या हाताखाली दुसरं कुणी नव्हतंच. एका पानगळीत ती स्वतः गाडी घेऊन हाल्वरच्या शेतावर आली, चांगले बूट चिखलात रुतवत मेंढवाड्यात शिरली, चार-पाच मेंढ्यांचं थोडं थोडं रक्त काढून घेऊन गेली आणि पुढच्या आठवड्यात परत येऊन म्हणाली, "ती कान फाटलेली. तिचं रक्त हवं." बाकीच्यांच्या रक्ताला म्हणे काही धड निकाल देता येत नव्हता. शेजारच्या पामर स्कारला ही गोष्ट फार आवडली. दूध घालायला जाताना तो कुंपणापाशी थांबे आणि विचारी, "काय हाल्वर, तुझी मेंढी डॉक्टर झाली का?" हाल्वर म्हणायचा, "अजून नाही. स्वीडिश भाषा राहिलीय." गावातला डॉक्टर लिंडक्विस्ट स्वीडिश होता आणि नॉर्वेहून आलेल्यांच्या गावात राहायचं तर एवढं ऐकून घ्यावंच लागतं.

हाल्वर तेव्हा पंचावन्नच्या आसपासचा. उंच, रुंद, बोलायला सावकाश. अमेरिकेतल्या मिनेसोटात, शेतावरच्या घरात जन्मला, त्याच घरात वाढला, त्याच घरात म्हातारा होणार होता. मेंढीला गुडघ्यांत धरून तिची मान वर करावी, अंगठ्याने शीर दाबून फुगवावी आणि सुई घालावी ती तिला कळायच्या आत, असा त्याचा हात. रक्त बाटलीत पडे, बाटलीत आधीच एक पाण्यासारखं औषध असे म्हणून ते गोठत नसे. मग टोपी बदलून तो ती बाटली इस्पितळात नेऊन देई.

हे रक्त कशाला लागतं ते त्याने पहिल्याच वर्षी विचारलं होतं. मिस ओस्ट्रँडरने समजावून सांगितलं. एक ताप आहे, मोनो म्हणतात. तरुण पोरांना होतो. जबड्याखाली गाठी येतात, घसा धरतो, महिना महिना उठवत नाही. तो झाला की माणसाच्या रक्तात असं काहीतरी तयार होतं, की त्या रक्तातल्या पाण्यात मेंढीच्या तांबड्या पेशी टाकल्या तर त्यांच्या गुठळ्या होतात. निरोगी माणसाच्या रक्तात सहसा तसं होत नाही.

"त्या माणसाचा मेंढीशी काही संबंध आलेला असतो का?" हाल्वरने विचारलं.

"नाही."

"मग तिच्यावर राग कशाचा?"

"ते कुणालाच कळलेलं नाही, मिस्टर स्टोर्ली," ती म्हणाली. "गुठळ्या होतात एवढं खरं."

हाल्वर ते डोक्यात घोळवत घरी आला. गुद्रुनला, म्हणजे बायकोला, सांगायला गेला आणि अर्ध्यातच अडकला. त्यानंतर त्याने विचारणं सोडून दिलं.

मी सांगतोय ती गोष्ट आहे एकोणीसशे सत्तावन्नच्या उन्हाळ्यातली. स्टोर्लींचे दोन मुलगे केव्हाच डकोटाकडे शेती करायला गेले होते. घरात राहिली होती शेंडेफळ, आर्लिस. मास्तरणीचं शिक्षण चालू होतं तिचं. उन्हाळ्यात ती गावाबाहेरच्या मटार डबाबंद करायच्या कारखान्यात पट्ट्यावर दाणे निवडायला जाई. गावातल्या निम्म्या मुली जात. तिचं लग्न ड्वेन हागेनशी ठरलं होतं. ड्वेन सुपीरियर सरोवरात लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या बोटीवर कामाला. बर्फ फुटलं की एप्रिलात जायचा, आणि पुन्हा बर्फ धरलं की डिसेंबरात यायचा. चांगला मुलगा. शांत. हाल्वरला तो आवडायचा, कारण त्याच्याशी बोलावं लागत नसे.

जुलैत आर्लिसला ताप आला. पहिल्या दिवशी गुद्रुनने कोमट पाण्याने अंग पुसलं, दुसऱ्या दिवशी तिच्या मानेला हात लावला आणि हात तिथेच थांबला. जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी, अक्रोडाएवढ्या. डॉक्टर लिंडक्विस्ट आला, घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, रक्त तपासू. त्याने पोरीच्या दंडाला रबर बांधलं आणि सुई पुढे केली तसा हाल्वर खिडकीकडे वळून ओटचं शेत पाहत उभा राहिला. दर आठवड्याला मेंढीच्या मानेत सुई घालणारा माणूस, पण तेवढं त्याला बघवेना.

त्याच सकाळी तो इस्पितळात बाटली देऊन आला होता. आता ही नळी तिथेच जाणार. घरचीच दोन रक्तं तिथे एकमेकांत मिसळणार, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याचं पुढे काय करावं ते त्याला कळेना.

निकाल फोनवर आला. त्यांच्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांची तार एकच होती. घंटा वाजली की ज्याची त्याला खुणेने कळे, पण उचलायला कुणालाही बंदी नव्हती. डॉक्टरची नर्स मार्सेला मोकळ्या स्वभावाची बाई, शहरातून आलेली. ती म्हणाली, घाबरू नका, मोनो आहे, गुठळ्या पुष्कळ झाल्यात. विश्रांती द्या. मग हसून म्हणाली, "कॉलेजात त्याला चुंबनाचा ताप म्हणतात, माहीत आहे ना? तिला म्हणावं, काही दिवस ते जरा बंद ठेव." गुद्रुनने आभार मानले. मार्सेलाने फोन ठेवला, तरी गुद्रुन कानाला लावून उभीच होती. त्यामुळे तिला ऐकू आलं, एकामागून एक, रस्त्यावरच्या घरांतले फोन हळूच खाली ठेवल्याचे आवाज.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात कॉफी असते. आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर वाईट बोलत नाही. लोकांनी आर्लिसची चौकशी केली, जरा जास्तच केली. बोर्गिल्ड हागेन, म्हणजे ड्वेनची आई, त्या दिवशी कॉफी ओतायला होती. तिने हाल्वरचा कप भरला, साखर पुढे केली आणि म्हणाली, "आर्लिसला बरं नाही म्हणे. बरं झालं, ड्वेनला लागायची भीती नाही. तो एप्रिलपासून बोटीवर आहे." बस, एवढंच. पुढच्या माणसाचा कप भरायला ती वळली. हाल्वरने ती कॉफी उभ्याउभ्याच संपवली आणि जीभ भाजून घेतली.

गुद्रुनने आठवडाभर नुसतं भाजणं चालवलं. पाव, केक, बटाट्याच्या पोळ्या, घरात खाणारं कुणी नसताना. हाल्वरचं मात्र डोकं चालेनासं झालं. त्याला राग आलाय की काळजी वाटतेय हेच त्याला ठरवता येईना. पोरीवर रागवावं तर ती वर तापाने पडलेली. न रागवावं तर जणू काही झालंच नाही असं होईल. आणि झालं होतं का काही? मेंढीच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या एवढं झालं होतं. त्यावरून त्याच्या मुलीने कुणालातरी जवळ घेतलं हे गावाला कळलं, आणि त्याला, बापाला, कळलं नव्हतं. गोठा झाडता झाडता तो मध्येच थांबे आणि फावडं हातात धरून उभा राही.

रक्त द्यायच्या दिवशी बाटली टेबलावर ठेवून तो नेहमीसारखा निघाला नाही. टोपी फिरवत उभा राहिला. मग विचारलं, की एखाद्याला हा ताप कुणाकडून आला, ते रक्तात दिसतं का.

मिस ओस्ट्रँडरला आधी प्रश्नच कळला नाही. कळल्यावर तिने काम बाजूला ठेवलं. नाही, म्हणाली, असं काही दिसत नाही. पुष्कळ माणसांच्या थुंकीत तो आजार असतो, त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. एका कपातून पाणी प्यायलं तरी येऊ शकतो. हाल्वरने मान हलवली. कप, हे त्याला बरं वाटलं. मग तिने सहज विचारलं, आता कशी आहे मुलगी? त्याने सांगितलं, गाठी तशाच आहेत, आणि कालपासून अंगभर गांधी उठल्यात, खाजवून खाजवून हैराण झालीय, मनगटं आणि गुडघे दुखतात म्हणते.

मिस ओस्ट्रँडरने कागद-पेन्सिल ओढली.

"तिला इतक्यात कसलं इंजेक्शन दिलं होतं का?"

"नाही."

"विचाराल का तिला?"

हाल्वर म्हणाला विचारीन. इंजेक्शनचा आणि मेंढीचा काय संबंध, हे तो वाटेत शोधत राहिला, आणि वळण चुकून स्कारच्या फाटकापर्यंत गेला.

आर्लिस वरच्या खोलीत उशांना टेकून बसली होती. हातापायांना गुलाबी औषध फासलेलं, ते वाळून पापुद्रे धरलेले. केस विस्कटलेले. लहानपणी गोवर आला होता तेव्हाही अशीच दिसायची. हाल्वर खुर्चीच्या कडेला बसला. सरळ विचारायचं ठरवून आला होता, पण तोंडातून निघालं ते असं, "मिस ओस्ट्रँडर विचारत होती..." आणि तो अडखळला.

आर्लिसचा चेहरा बदलला. "तिला कळलं?" ती म्हणाली. "रक्तात तेही दिसतं?"

"काय दिसतं?"

"कोण ते."

हाल्वर खुर्चीत मागे सरकला. त्यावरून तिला वाटलं बाबांना सगळं कळलंय. ती पांघरुणाच्या कडेची शिवण नखाने उसवू लागली.

"तुम्हाला नाव कळलंय की नुसतं झालं एवढंच, मला माहीत नाही," ती म्हणाली. "एमेट. कारखान्यात मटारच्या गाड्यांचं वजन करतो. आयोवाचा आहे. एकदाच झालं, बाबा, वेलींच्या ढिगामागे. तिथे वास किती येतो तुम्हाला माहितीय. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याने नाही, मीच..." ती थांबली. "मीच घेतला त्याचा मुका."

मटारच्या वेलींचा कुजका वास सगळ्या नॉर्डडालला ठाऊक आहे, वारा तिकडून आला की बायका धुणं आत घेतात. हाल्वरच्या डोळ्यांसमोर तो ढीगच आला, माणसं आली नाहीत. तो औषधाची बाटली उचलून तिच्यावरची अक्षरं वाचू लागला. काही वेळाने त्याला आठवलं, आपण कशासाठी वर आलो.

"इंजेक्शन घेतलं होतंस का कसलं?"

आर्लिस त्याच्याकडे बघतच राहिली. "काय?"

"मिस ओस्ट्रँडर तेवढंच विचारत होती."

घेतलं होतं. कारखान्याच्या मागच्या फळीतला गंजका खिळा बुटातून आरपार तळव्यात गेला होता. तिथल्या नर्सने पाय धुतला आणि धनुर्वात होऊ नये म्हणून दंडात सुई दिली. हे तापाच्या आधीचं, आठवडा झाला असेल, थोडा जास्त. घरी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कामावर जाऊ दिलं नसतं. हे सगळं तिने पाठ केल्यासारखं सांगितलं, बापाकडे न बघता. मग तोंड भिंतीकडे फिरवलं.

हाल्वर खाली आला. गुद्रुनने विचारलं, काय म्हणत होती? तो म्हणाला, पायात खिळा गेला होता. "बाई गं," गुद्रुन म्हणाली आणि वर धावली. हाल्वर स्वयंपाकघरात एकटाच उभा राहिला. वरून तो दोन गोष्टी घेऊन आला होता. एक मिस ओस्ट्रँडरला सांगायची होती. दुसरीचं काय करायचं होतं?

मिस ओस्ट्रँडरने ऐकल्याबरोबर डॉक्टरला फोन लावला. दोघं बरंच बोलले. फोन ठेवून तिने हाल्वरला पुन्हा समजावलं. धनुर्वाताचं ते औषध घोड्याच्या रक्तातून काढतात. काही माणसांच्या अंगाला घोडा मानवत नाही. आठवड्याभराने ताप येतो, गाठी येतात, गांधी उठतात, सांधे धरतात. आणि गंमत अशी, की त्यांच्या रक्तानेसुद्धा मेंढीच्या पेशींच्या गुठळ्या होतात.

"घोडा टोचला तर मेंढीवर राग?" हाल्वर म्हणाला.

"हो. थोडंफार तसंच."

मग हे का ते, हे ओळखायचं कसं? त्याला आणखी एक तपासणी होती. आर्लिसच्या रक्ताचं पाणी थोडं गिनिपिगच्या मूत्रपिंडाच्या वाटणात घालायचं, थोडं बैलाच्या उकळलेल्या रक्तात, आणि मग वरचं नितळ पाणी घेऊन त्यात पुन्हा मेंढीच्या पेशी टाकायच्या. मोनो असेल तर ते गुठळ्या करणारं जे काही असतं ते बैल सगळं शोषून घेतो, गिनिपिग नाही. घोड्याची बाधा असेल तर दोन्ही शोषून घेतात. आधी ही तपासणी का केली नाही, असं हाल्वरने विचारलं नाही, पण तीच म्हणाली, डॉक्टरने मागितली नव्हती आणि इंजेक्शनचं कुणाला माहीत नव्हतं.

हाल्वरने चर्चमध्ये चाळीस वर्षं बायबल ऐकलेलं. त्याला वाटलं, नोहाच्या तारवातली अर्धी जनावरं आपल्या पोरीला काय झालंय ते सांगायला उतरलीत, आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतोय.

निकाल आला तो धड ना इकडचा ना तिकडचा. मिस ओस्ट्रँडरने त्याला नळ्यांची रांग दाखवली. काही नळ्यांत तळाशी लाल थर नीट बसलेला, काहींत हलवलं की कण कण सुटणारे. बैलाने सगळं शोषलं होतं. गिनिपिगने बरंचसं शोषलं होतं, पण सगळं नाही. ती म्हणाली, बरणीतलं गिनिपिगचं वाटण जुनं झालंय, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. डॉक्टर लिंडक्विस्टही तिथे आला. त्याने नळ्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि खरं सांगितलं, की मला सांगता येत नाही. हाल्वरला एकदम हलकं वाटलं. का ते त्यालाही कळलं नाही. कदाचित दुसराही कुणी गोंधळलेला आहे, एवढ्याने.

घरी आल्यावर गुद्रुनने विचारलं, काय निघालं? हाल्वर म्हणाला, गिनिपिग जुना आहे. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "हाल्वर, तू जरा पड."

मिस ओस्ट्रँडरने पाळलेल्या गिनिपिगांतला एक मारला. तिला ते आवडत नसे. आर्लिसचं रक्त पुन्हा नेलं, सगळं ताजं केलं, ताजी मेंढी, ताजा बैल. या वेळी दोघांनीही झाडून सगळं शोषलं. मेंढीच्या पेशी सगळ्या नळ्यांच्या तळाशी शहाण्यासारख्या बसल्या.

डॉक्टर स्वतः सांगायला आला. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला, दोन कप कॉफी प्यायला. घोड्याच्या औषधाची बाधा, म्हणाला, मोनो नाही. ताप उतरतोच आहे. पुढे कधी असं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर आधी हे सांगायचं. आणि म्हणाला, "मी आधीच विचारायला हवं होतं. गाठी पाहिल्या आणि पुढे विचारलंच नाही."

"म्हणजे तो दुसरा ताप नव्हताच?" गुद्रुनने विचारलं.

"नव्हता."

डॉक्टरची गाडी वळणाआड गेली तशी गुद्रुनने हात पुसले, फोन उचलला आणि बहिणीला लावला. एरवी फोनवर ती दोन वाक्यांत आटपे. त्या दिवशी सावकाश, स्वच्छ, शब्द तोडून तोडून तिने सगळं सांगितलं. खिळा, इंजेक्शन, घोडा, आणि डॉक्टर काय म्हणाला ते दोनदा. बहीण बिचारी मध्ये मध्ये म्हणत होती, अगं, मी बहिरी नाही. गुद्रुन बहिणीसाठी बोलतच नव्हती. शेवटी फोन न ठेवता ती ऐकत राहिली, रस्त्यावरच्या घरांतले फोन खाली ठेवले जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी बोर्गिल्ड हागेन रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई भाजून घेऊन आली. माफी वगैरे तिने मागितली नाही, पण पाई मोठी होती आणि साखर भरपूर होती. तिने आर्लिसच्या गालाला हात लावला, ड्वेनच्या बोटीच्या गोष्टी सांगितल्या. सगळं मिटलं, असं गुद्रुन म्हणाली. हाल्वरलाही वाटलं, मिटलं.

आर्लिस अंगणात येऊन बसू लागली. एका दुपारी हाल्वर मेंढ्यांचे खूर कापत होता, तिथे ती आली आणि उलट्या बादलीवर बसली.

"मग रक्ताला काही माहीतच नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"मी उगाच सांगितलं."

हाल्वर खुरातली घाण काढत होता. पोरीला मोकळं करावं असं त्याला फार वाटलं. तो म्हणाला, "मी काही ऐकलं नाही असं धर. तेवढं मला जमतं."

ती हसली. मग तिचे डोळे भरून आले. "तुम्ही ऐकलंत, बाबा," ती म्हणाली. "आणि मीही ऐकलं, मी काय म्हणाले ते. त्याने नाही, मीच."

याचा अर्थ त्याला तेव्हा लागला नाही. लागला तो दोन आठवड्यांनी, आर्लिस एकटी चालत हागेनांकडे गेली आणि ड्वेनची अंगठी बोर्गिल्डच्या हातात ठेवून आली तेव्हा. तोही पुरता लागला नाही.

गाव चक्रावून गेलं. मुलीवर ठपका होता तोवर लग्न टिकलं होतं, आणि ठपका पुसला गेल्यावर तिने स्वतः मोडलं. तळघरातल्या कॉफीला लोक हलक्या आवाजात बोलत, पण कुणाच्याच बोलण्याचा मेळ बसत नव्हता. पामर स्कारने चेष्टा करणं थांबवलं, त्यावरून हाल्वरला कळलं की प्रकरण गंभीर आहे. गुद्रुन रडली. ड्वेनमध्ये काय कमी आहे, असं तिने मुलीला विचारलं. काही नाही, आर्लिस म्हणाली, त्याच्यात काहीच कमी नाही. गुद्रुनने हाल्वरला विचारलं, तुला काही बोलली का? हाल्वर म्हणाला, मला कळलेलं नाही. खोटं नव्हतं ते. एमेट तर मटाराचा हंगाम संपल्यावर मक्याच्या कारखान्यात विस्कॉन्सिनला निघून गेला होता, आणि त्याच्या मागे जायचं आर्लिसच्या मनातही नव्हतं. मग हे कशासाठी? सप्टेंबरात ती पश्चिमेला, डकोटाच्या हद्दीजवळच्या एका गावात लहान मुलांना शिकवायला गेली. जाताना तिने बापाचा हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरला.

डिसेंबरात सरोवर गोठलं आणि ड्वेन घरी आला. आल्यावर दोन-तीन दिवसांनी तो स्टोर्लींच्या मेंढवाड्याकडे चालत आला. हाल्वर कुऱ्हाडीने हौदातलं बर्फ फोडत होता. ड्वेन कडेला उभा राहिला, हात खिशात, श्वासाची वाफ.

"तिला तो ताप होता की नव्हता?" त्याने विचारलं. "घरी एक सांगतात, बाहेर एक."

"नव्हता," हाल्वर म्हणाला. "घोड्याच्या औषधाने झालं. दोनदा तपासलं."

"नक्की?"

"नक्की."

हाल्वरला माहीत होतं पुढचा प्रश्न कुठला ते, आणि त्याचं उत्तर ज्या खोलीत मिळालं ती खोलीही त्याच्या डोळ्यांसमोर होती. सांगितलं तर हा मुलगा उगाच एका वजनकाट्यावरच्या माणसाला आयुष्यभर शिव्या देत बसेल. आणि ते कारण नव्हतंच, एवढं हाल्वरला वाटत होतं. पण मग कारण काय होतं?

"मग का?" ड्वेन म्हणाला.

"मला नीट कळलेलं नाही, ड्वेन," हाल्वर म्हणाला. "मी पुष्कळ विचार केला."

ड्वेनने मान हलवली. भिंतीला टेकवलेली लोखंडी पहार घेतली आणि हौदाच्या दुसऱ्या टोकाचं बर्फ फोडू लागला. दोघांनी न बोलता ते काम संपवलं, मेंढ्या येऊन पाणी प्यायल्या. गुद्रुनने खिडकीतून हाक मारली तेव्हा ड्वेन आत आला, कॉफी प्यायला, आणि निघताना आर्लिसच्या शाळेचं गाव कुठल्या रस्त्यावर लागतं ते त्याने विचारलं. हाल्वरने सांगितलं.

फेब्रुवारीत तो तिकडे जाऊन आला, असं बोर्गिल्डकडून कळलं. काय बोलणं झालं ते त्याने सांगितलं नाही. एप्रिलात बर्फ फुटलं आणि तो बोटीवर गेला. आर्लिसने पुढे बऱ्याच वर्षांनी तिकडच्याच एका धान्याच्या कोठारवाल्याशी लग्न केलं, बडबड्या माणूस, ज्याच्याशी हाल्वरला खूप बोलावं लागे. हाल्वर बाटली घेऊन इस्पितळात जातच राहिला. कधी कधी मिस ओस्ट्रँडर सांगे, आज अमक्याच्या मुलाचा निकाल चांगला स्पष्ट आला. हाल्वर मान हलवून "बरं" म्हणे आणि टोपी घालून बाहेर पडे, पण गाडीत बसल्यावर लगेच गाडी सुरू करत नसे.